कांदा निर्यातबंदीने शेतकऱ्याच्या घरात नेमका किती फरक पडतो? (खरंच विचारतोय)

कोथरूडचा_भाडेकरू
राजकारण नको प्लीज, नीट समजून घ्यायचंय. मावशीला येवल्याकडे दिलंय, तिच्याकडे डिसेंबर 2023 च्या निर्यातबंदीचं नाव काढलं की अजून घर पेटतं. मी सहज म्हणालो मे 2024 मध्ये उठली की, पाचच महिने तर होती, शेतीत भाव वरखाली होतातच, तर काका पानावरून उठून बाहेर गेले. पाच महिन्यांचा तोटा माणूस इतका धरून बसतो का? इकडे कांदा स्वस्त झाला तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

निफाडकर_लालकांदा
भाऊ कुठले पाच महिने ते बघा आधी. आमचा लाल कांदा सगळा त्यातच निघतो. उन्हाळ कांदा कांदाचाळीत (साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) टाकून भावाची वाट बघता येते पण लाल टिकत नाही, काढला की विकायचाच नाहीतर कोंब येतात. त्यात नोव्हेंबरच्या शेवटी गारपिटीने झोडपलेलं, वाटलं माल कमी आहे तर उरलेल्याला तरी भाव मिळेल. बंदीच्या आधी शेजाऱ्याचं वक्कल (लिलावातला ढीग) क्विंटलला साडेतीन हजाराने गेलं, आमचं निघेपर्यंत लिलाव बंद, रास्ता रोको, आणि चालू झाले तेव्हा दोन हजाराच्या आत, तसलाच माल तेच मार्केट. ट्रॉलीत 25 क्विंटल धरा, एका खेपेला 35-40 हजार गेले की नाही. रोपं, लागण, औषधं, काढणी हा खर्च तर आधीच होऊन बसलेला असतो, तो कमी होत नाही.
आणि तोटा तिथेच थांबत नाही. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं तर 3 लाखापर्यंत बिनव्याजी, मुदत हुकली की व्याज पण लागतं आणि नवीन कर्ज पण अडतं, मग पुढचं खत उधारीवर, दुकानदार उधारीचा रेट वेगळा लावतो, मग बायकोचं सोनं बँकेत. आमचं सोडवायला दोन हंगाम गेले. काका उठून गेले त्यात नवल नाही.

डोंबिवली_पोळीभाजी
सगळं मान्य पण आमचं पण ऐका. बंदीच्या आधी ऑक्टोबर-नोव्हेंबरला कांदा साठ-सत्तरच्या पुढे गेला होता, माझ्या डब्याला रोज पाच-सहा किलो लागतो आणि डब्याचे पैसे महिन्याचे ठरलेले, मध्येच दहा रुपये वाढवले की पोरं दुसरीकडे डबा लावतात. 25 रुपये किलोवाल्या सरकारी गाड्या पेपरात दिसल्या, आमच्या गल्लीत काही आल्या नाहीत. शेतकऱ्याला जास्त मिळावेत हो, पण ते माझ्याच खिशातून का?

आकडेबाज
ताई तुमच्या खिशातून जातात ते सगळे त्याला पोचतच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अभ्यासात कांद्याच्या प्रत्येक रुपयामागे शेतकऱ्याला साधारण 36 पैसे निघाले, बाकी वाटेत.
आणि @भाडेकरू, ‘पाच महिने’ हाच हिशोब चुकलाय. ऑगस्ट 2023 ला 40% निर्यात शुल्क, ऑक्टोबरला टनाला किमान 800 डॉलर निर्यातभावाची अट (त्याखाली बाहेर विकायचं नाही), मग बंदी. मे मध्ये ‘उठली’ म्हणतात तेव्हाही 550 डॉलर आणि 40% होतंच. सप्टेंबर 2024 ला डॉलरची अट गेली, शुल्क 20% झालं, ते पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. म्हणजे दीड वर्षाच्या वर झालं. मध्येच एप्रिल 2024 मध्ये गुजरातच्या 2000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली, ऐन निवडणुकीत. लोकसभेला नाशिकच्या दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या त्याचं सगळं कारण कांदा नसेल पण तिकडे कुणालाही विचारून बघा.

चांदवडची_सून
एक कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. कांद्याचे पैसे येतात सासऱ्यांच्या खात्यात, भाव पडला की पहिली कात्री घरखर्चाला, ट्रॅक्टरच्या हप्त्याला नाही. 2024 च्या ऑगस्टपासून लाडकी बहीणचे 1500 माझ्या खात्यात यायला लागले तेव्हा पोराची क्लासची फी पहिल्यांदा न मागता भरली. आमचे हे म्हणतात एका हाताने लाखाचं नेलं दुसऱ्याने दीड हजार दिले, खरंय त्यांचं. तरी पण ते लाख माझ्या हातात कधी आले होते?
आणि लागणीला येणाऱ्या बायकांचं पण बघा, त्यांची मजुरी त्या वर्षी बुडाली नाही, पुढच्या वर्षी लोकांनी कांदा कमी करून मका लावला तेव्हा काम गेलं. त्यांना ना अनुदान ना कर्जमाफी, सातबारा कुठंय त्यांच्याकडे.

कोथरूडचा_भाडेकरू
बापरे, हे सगळं डोक्यातच नव्हतं. मग निर्यात चालू ठेवून शहरातला भाव आवाक्यात ठेवायचा कसा?

निफाडकर_लालकांदा
सरकार उन्हाळ कांदा घेऊन साठवतंच की, 2023 ला 5 लाख टनाचं टार्गेट होतं. तीच खरेदी बाजार समितीच्या लिलावात उतरून सगळ्यांसमोर करा, आत्ता मधल्या कंपन्यांकडून होते, कुणाचा माल गेला काही कळत नाही. आणि तो साठा आमच्याकडे भाव जरा उचलला की लगेच बाहेर काढू नका, डोंबिवलीत खरंच सत्तर होईल तेव्हा काढा.