मदत हवी आहे: तंबोऱ्याची पंचमाची तार सारखी तुटतेय, कोणती टाकू?

नमस्कार मंडळी, सासऱ्यांचा मिरजेचा जुना मोठा तंबोरा आहे, ते काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी त्यांचा सा) गायचे. आता मुलगी गाणं शिकतेय आणि तिची पट्टी काळी चार, म्हणून तोच वर चढवून लावायला बघतेय. जोड (मधल्या दोन सा च्या तारा) कसेबसे चढतात पण पंचमाची पितळी तार सुरात यायच्या जरा आधीच तट्कन जाते, दर वेळी. पेठेतल्या एका दुकानात म्हणाले जाड तार न्या, नाही तुटणार, तर तीही गेली. आणि पावसाळ्यात तारांना गंज चढतो त्याला काय करायचं? (तंबोऱ्याचं ॲप वापरा असं प्लीज सांगू नका, ॲप आहेच.)

खर्जवेडा, कोथरूड
ताई, जाड तारेने काहीच होणार नाही. तार कुठल्या सुराला तुटणार हे तिच्या लांबीवर आणि धातूवर ठरतं, जाडीवर नाही, कारण जाड तारेला तोच सूर काढायला ताणही त्याच प्रमाणात जास्त लागतो. तुमचा पुरुषी तंबोरा, म्हणजे घोडीपासून (भोपळ्याकडची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) मेरूपर्यंत (वरच्या टोकाची पट्टी) जवळजवळ मीटरभर तार असणार, तेवढ्या लांबीत काळी चारचा पंचम पितळेच्या आवाक्याबाहेर जातो. तिथे स्टील टाका, स्टील बरंच जास्त सोसतं. खर्ज (खालच्या सा ची शेवटची तार) पितळीच राहू द्या, तो खूप खाली असतो, त्याला धोका नाही.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण महत्त्वाची आहे. काळी एकवरून काळी चार म्हणजे सूर दीडपट वर, त्याच तारा ठेवल्या तर ताण सव्वादोन पट होतो आणि तो सगळा दांडी आणि तबलीवर (भोपळ्यावरची लाकडी फळी) येतो. म्हणून चारही तारा बारीक करा: पंचम ०.३० मिमी स्टील, जोड ०.२५, खर्ज ०.४५ च्या आसपास. दुकानात नंबर नका सांगू, मिलिमीटरच सांगा, नंबरात घोळ होतो.

सदाशिवपेठी
वरच्याशी सहमत, फक्त बारीक तारा घातल्या की जवारी (घोडीवरून तारेला येणारी गुंजारवाची झार) बिघडल्यासारखी वाटेल. घाबरू नका, आधी घोडीवर तारांखालचे दोरे पुढेमागे सरकवून बघा, निम्मं काम तिथेच होतं. तरीही आवाज बसकाच राहिला तर जवारी काढणाऱ्याकडेच न्या, घरी कानस लावू नका.

गंजाचं म्हणाल तर रियाज झाला की कोरड्या सुती कापडाने तारा पुसायच्या, बोटांचा घाम राहतो तोच खातो त्यांना. गवसणी (तंबोऱ्याची कापडी खोळ) ओलसर असेल तर आधी वाळवा. जूनमध्ये खुंट्या फुगून अडकतात आणि एप्रिलमध्ये सुटतात, सुटल्या तर थोडा खडू लावा.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! पितळ आणि स्टीलचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. शेजारच्या काकू म्हणतात तारांना खोबरेल लावा, लावू का?

सदाशिवपेठी
अजिबात नको! ओघळून घोडीवर आलं की जवारी मेली म्हणून समजा, शिवाय धूळ चिकटते ती वेगळीच.

खर्जवेडा, कोथरूड
आणि चारही तारा एकदम काढू नका हं, एकेक बदला, नाहीतर घोडी जागेवरून हलते आणि मग परत बसवताना डोकं फिरतं. स्टील दोनचार दिवस उतरत राहील, खराब निघाली असं वाटून लगेच बदलायला जाऊ नका.