हजार रीडिंगची सरासरी म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे

मिलिव्होल्ट:
परवा एडीसीबद्दल (व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग) एक पोस्ट वाचली: "एडीसीचं रीडिंग हलतंय? हजार रीडिंग घ्या, सरासरी काढा, अचूक आकडा हातात. कॅलिब्रेशन ही लॅबवाल्यांची चैन." खाली नवशिक्यांनी धडाधड आभार मानलेत. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

कॅलिब्रेशन म्हणजे माहीत असलेल्या व्होल्टेजशी ताडून रीडिंग दुरुस्त करणं. सरासरीने आकडा स्थिर होतो, बरोबर होत नाही. दहा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ शंभरदा पाहिलं म्हणून खरी वेळ कळत नाही. एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपचा आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स (ज्याच्याशी तुलना करून एडीसी मोजतो ते व्होल्टेज) डेटाशीटप्रमाणे १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे नऊ टक्के इकडे नाहीतर तिकडे. आता १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी घ्या. विसावलेली, पूर्ण भरलेली १२.७ च्या आसपास. संपत आलेली ११.८. सगळा खेळ ०.९ व्होल्टचा, जेमतेम सात टक्के. मोजणाराच नऊ टक्के चुकत असेल तर बॅटरी भरली की संपली हे तो काय सांगणार?

५ व्होल्टचा पुरवठाच रेफरन्स धरला तरी तेच. माझ्या बोर्डावर ०.५०० व्होल्ट दिले तर सरासरी काउंट (एडीसी देतो तो ० ते १०२३ मधला आकडा) १०४, ४.००० दिले तर ८२६. कोडमध्ये बिनधास्त ५.० लिहिलं असतं तर ८२६ म्हणजे ४.०३३ व्होल्ट. ३३ मिलिव्होल्टची चूक, आणि सरासरी कितीही घ्या, ती तिथेच. दोन बिंदूंवरून ढाळ काढला: ३.५ भागिले ७२२, एका काउंटला ४.८४८ मिलिव्होल्ट, ऑफसेट (शून्याची सरक) उणे ४ मिलिव्होल्ट. एक गुणाकार, एक वजाबाकी. यात चैन कुठे आहे?

शून्य_ओहम:
असहमत. पोटेन्शिओमीटर (फिरवायचा रेझिस्टर) किंवा एनटीसी (तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर) त्याच ५ व्होल्टवर टांगलेला असेल तर पुरवठा हलला की सिग्नल आणि रेफरन्स एकाच प्रमाणात हलतात आणि भागाकारात कटतात. तिथे बाहेरचा अचूक रेफरन्स लावला तर उलट चूक ओढवून घ्याल. नवशिक्यांचे निम्मे प्रोजेक्ट या जातीचे असतात. त्यांना कशाला घाबरवताय?

दुसरं, हे ४.००० व्होल्ट तुम्ही कशाने मोजले? साधा हातातला मल्टिमीटर ०.५ टक्के अधिक शेवटच्या स्थानाचे दोन अंक इतका चुकू शकतो. २० व्होल्टच्या रेंजवर ४ व्होल्टला २० मिलिव्होल्ट अधिक २० मिलिव्होल्ट. तुमच्या ३३ मिलिव्होल्टच्या चुकीपेक्षा मीटरची शंकाच मोठी. तीन दशांश लिहून आकडा खरा होत नाही.

कोरडा_जोड:
दोघेही मुद्द्याचं सोडून बोलताय. दहा बिटचा कमाल काउंट १०२३. मग भागायचं १०२३ नेच. जो तो १०२४ ने भागतो, आणि पूर्ण ५ व्होल्ट दिले की स्क्रीनवर ४.९९५ येतं. एका ग्राहकाने मला याच आकड्यावरून तासभर धारेवर धरलंय. आधी हे सुधारा, मग कॅलिब्रेशनच्या गप्पा.

रजिस्टर_वाचक:
डेटाशीट उघडा हो. सूत्र स्पष्ट छापलंय: इनपुट गुणिले १०२४ भागिले रेफरन्स. ० ते १०२३ मिळून पायऱ्या १०२४. शेवटची पायरी म्हणजे रेफरन्सपेक्षा एक पायरी कमी. ४.९९५ च्या वर काहीही दिलं तरी काउंट १०२३ च येणार. तो आकडा "किमान इतकं" एवढंच सांगतो. तिथे ५.००० दाखवणं म्हणजे चिपला माहीत नसलेली गोष्ट ग्राहकाला सांगणं.

कोरडा_जोड:
चिपला काय माहीत असतं ते मला शिकवू नका. ग्राहकाला पायऱ्या मोजायच्या नसतात, त्याला शंभर टक्के दिसायला हवं. पोटेन्शिओमीटर पूर्ण फिरवला आणि ९९.९ वर अडकला, तर ते यंत्र बिघडलेलंच म्हणायचं.

रजिस्टर_वाचक:
टक्केवारी दाखवायची तर खुशाल १०२३ ने भागा, ती स्केलिंगची सोय झाली. व्होल्टेजला तोच आकडा लावून वर "बाकीचे चुकतात" म्हणणं खटकतं. वर्षानुवर्षं चुकीचं करत आलो म्हणून ते बरोबर ठरत नाही.

कोरडा_जोड:
माझी यंत्रं वर्षानुवर्षं चालू आहेत. तुमची आहेत का? नुसती पीडीएफ वाचून बोर्ड चालत नाही.

ढाळ_आणि_छेद:
दोघं जरा थांबा. वरचाच ८२६ घ्या. ५ व्होल्ट धरून १०२४ ने भागलं तर ४.०३३, १०२३ ने भागलं तर ४.०३७. तुम्ही ४ मिलिव्होल्टवरून एकमेकांच्या अंगावर धावताय आणि रेफरन्सची ३३ मिलिव्होल्टची चूक दोघांच्याही आकड्यात तशीच बसलीय. दोन बिंदूंनी ढाळ काढलात की भाजक ढाळातच विरघळतो. १०२३ पण नको, १०२४ पण नको.

तारयंत्र:
भाजकावर एवढा वेळ घालवताय म्हणून माझा अनुभव सांगतो. एकाच फर्मवेअरचे दोन बोर्ड, एकाच बॅटरीवर. एक १२.१ दाखवतो, दुसरा १२.९. कॅलिब्रेट केले तरी एकाचा आकडा मधूनच पळायचा. शेवटी सापडलं: बॅटरी वाचवायला कोणीतरी डिव्हायडरमध्ये (बॅटरीचं व्होल्टेज एडीसीला झेपेल इतकं खाली आणणारी रेझिस्टरची जोडी) मेगओहमचे रेझिस्टर घातले होते. या चिपला स्रोताचा रोध १० किलोओहम किंवा त्याहून कमी लागतो. आतला सॅम्पलिंगचा कपॅसिटर वेळेत भरत नाही, मग आधीच्या चॅनेलचं (इनपुट पिनचं) व्होल्टेज पुढच्याच्या रीडिंगमध्ये झिरपतं. पिनवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि आकडा जागेवर आला. आधी सर्किट नीट करा. नाहीतर कॅलिब्रेशनने बिघाडालाच पक्कं करून ठेवाल.

ईएसपी३२ (वाय-फाय असलेली वेगळी चिप) वाल्यांनी तर या धाग्यावरून काहीच उचलू नये. तिथे इनपुटच्या ११ डीबी सेटिंगला वरच्या टोकाला रेषा वाकते, खाली शून्याजवळ आंधळी जागा. दोन बिंदूंची सरळ रेघ तिथे चालत नाही. कारखान्यात ईफ्यूजमध्ये (चिपमधली कायमची मेमरी) लिहिलेली मूल्यं वापरा नाहीतर स्वतः तक्ता बनवा. आणि वाय-फाय चालू असताना तिथला दुसरा एडीसी, एडीसी२, हाताशी नसतो. यात माझी एक अख्खी पीसीबी फुकट गेली, तो राग वेगळाच.

मिलिव्होल्ट:
@शून्य_ओहम, एनटीसी आणि पोटेन्शिओमीटरबद्दल मान्य. ते मूळ लेखात यायला हवं होतं. मीटरबद्दल मात्र अर्धंच मान्य. मी ते व्होल्टेज साध्या मीटरने मोजलं नव्हतं, पण ज्याच्याकडे चांगला मीटर नाही त्याने एलएम४०४० या रेफरन्स आयसीचा ०.१ टक्केवाला घ्यावा. ४.०९६ व्होल्टला चूक चार मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे तुमच्या मीटरच्या दहापट बरी. तोच एरेफला (बाहेरचा रेफरन्स जोडायची पिन) जोडला तर एक काउंट बरोबर ४ मिलिव्होल्ट, आणि यूएसबीची केबल बदलली म्हणून ढाळ बदलत नाही.

शून्य_ओहम:
केबलचा मुद्दा मी काढणारच होतो. पुरवठा रेफरन्स धरून काढलेला तुमचा ४.८४८ दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरवर कुचकामी, हे तुम्ही लेखात लिहिलंच नव्हतं. असो. एलएम४०४० वर माझं भांडण नाही.

पण सरासरीला सरसकट मोडीत काढू नका. सिग्नलवर निदान एका काउंटइतका नॉइज असेल तर १६ रीडिंगमधून दोन बिट जास्तीचे मिळतात. अगदी शांत सिग्नलवर सगळी रीडिंग एकच येतात, तिथे काही मिळत नाही, हेही खरं.

मिलिव्होल्ट:
बरोबर. आणि ते जास्तीचे बिट त्याच चुकीच्या रेफरन्सच्या पट्टीवर पडतात. आधी पट्टी, मग सरासरी. माझा आक्षेप तेवढाच होता आणि तो कायम आहे.

कोरडा_जोड:
ढाळ काढल्यावर भाजक उरत नाही, हे हिशोब करून पाहिलं. ठीक आहे, व्होल्टेजसाठी मानतो. टक्केवारीला १०२३ च ठेवणार.

आता माझा प्रश्न. टेबलावर काढलेला ढाळ बंद डब्यात, उन्हात टिकतो का?

ढाळ_आणि_छेद:
पूर्णपणे नाही. साधा रेझिस्टर १०० पीपीएम (दशलक्षात शंभर) प्रति अंश धरा. डबा ४० अंशांनी तापला आणि डिव्हायडरचे दोन रेझिस्टर सारखे सरकले नाहीत, तर जवळजवळ ०.४ टक्के. १२ व्होल्टवर ते ५० मिलिव्होल्ट होतात. दोन्ही रेझिस्टर एकाच जातीचे, शेजारीशेजारी, रेग्युलेटरपासून लांब बसवा. ढाळ आणि ऑफसेट प्रत्येक बोर्डाचे वेगळे ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) ठेवा, सगळ्यांना एकच आकडा कोडमध्ये चिकटवू नका. आणि दुसरा बिंदू घेताना डबा बंद करून, तापू देऊन घ्या.