पिकअप, हँडलिंग की डिकी? तीन गाड्यांत निवड होत नाहीये

नवी_चावी
घरात चार मोठी माणसं आणि पाच वर्षांची मुलगी. महिन्याचं चालणं ९०० किमीच्या आसपास. त्यातलं दोन तृतीयांश शहरात, ८-१० किमीच्या फेऱ्यांमध्ये, एकदोघंच गाडीत. बाकीचं महामार्ग आणि घाट, आणि तेव्हा पाचही जण सामानासकट. यादीत उरलेल्या तीन गाड्या, तिन्ही मॅन्युअल:

हॅचबॅक: १.० लिटर टर्बो पेट्रोल, १०० पीएस (इंजिनची ताकद), १७० एनएम (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर), १०५० किलो, डिकी ३०० लिटर
सेदान: १.५ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, १२० पीएस, १४५ एनएम, ११५० किलो, डिकी ४८० लिटर
एसयूव्ही: १.५ लिटर डिझेल, ११५ पीएस, २५० एनएम, १३५० किलो, डिकी ४३० लिटर

० ते १०० किमीचा वेग गाठण्यात सेदान पुढे आहे, पण डिझेलच्या टॉर्कपुढे ती टिकणार नाही असंही ऐकतोय. पिकअप, हँडलिंग आणि रोजची सोय, यात कशाला किती महत्त्व द्यावं?

तिसरा_गिअर
आधी तिन्ही गाड्या कागदावर भरा. चार मोठ्यांचे २८० किलो, मुलगी २०, सामान ७५, म्हणजे ३७५ किलो. रिकाम्या गाडीला टनामागे हॅचबॅकचे ९५, सेदानचे १०४ आणि एसयूव्हीचे ८५ पीएस पडतात. भरल्यावर तेच ७०, ७९ आणि ६७ होतात. म्हणजे हॅचबॅक आणि एसयूव्ही जवळपास एका पातळीवर येतात. गाडी जितकी हलकी, तितका तेवढ्याच ओझ्याचा फटका मोठा.

टॉर्कचं म्हणाल तर एनएम गुणिले आरपीएम भागिले ७०२४ केलं की त्या क्षणाचे पीएस मिळतात. २००० आरपीएमला डिझेलचे २५० एनएम म्हणजे ७१ पीएस, टर्बो पेट्रोलचे १७० म्हणजे ४८. सेदानचं इंजिन तिथे साधारण १२५ एनएम देत असेल, तर हाती ३५-३६ पीएसच लागतात. चौथ्या गिअरमध्ये चढावर ती ढिम्म वाटते, ती यामुळे. पण तेच इंजिन ४५०० ला नेलं की ९३ पीएस देतं. तेव्हा प्रश्न इतकाच, की ओव्हरटेकला तुम्ही दोन गिअर खाली टाकता का? टाकत असाल तर तिघांत सेदान सगळ्यांत मोकळी पळेल. गिअर न बदलता नुसतं अ‍ॅक्सिलरेटर दाबायची सवय असेल, तर टर्बो घ्या.

लहान टर्बोची एक अडचण आधीच समजून घ्या. १५०० च्या खाली टर्बोत दाब तयार होत नाही, तोवर ते नुसतं एक लिटरचं इंजिन असतं. घाटातल्या तीव्र वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम पडले, एसी चालू आहे आणि गाडी भरलेली आहे, तर ती क्षणभर दम टाकते आणि मग एकदम ओढते. पहिला गिअर टाकावा की थांबावं, या घोळात क्लच जळतो.

० ते १०० चा आकडा सोडून द्या. तिसऱ्यात ३० ते ८० आणि चौथ्यात ६० ते १०० ला किती सेकंद लागतात ते मोजा.

तेरा_नंबर_पाना
वरचा हिशोब बरोबर आहे, पण ओझ्याचा खरा परिणाम मागच्या चाकांवर होतो. तिन्ही गाड्यांना मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पीळ घेणारा दांडा) असणार, या वर्गात बहुतेक तेच असतं. ते वाईट नाही, फक्त स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर कोणत्या वजनासाठी जुळवलेत ते बघावं लागतं. मऊ स्प्रिंगची गाडी एकटा माणूस बसला की मखमली लागते आणि पाच जण बसले की गतिरोधकावर बंप स्टॉपला, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी अडणीला, आपटते. मागून 'ठक्' असा कोरडा आवाज आला की समजा, सस्पेन्शनची हालचाल संपली.

वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन सरकतं, ते गाडीचं वजन आणि गुरुत्वमध्याची उंची यांवर आणि दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतं. भरलेली सेदान १५२५ किलो, गुरुत्वमध्य ५५ सेंमीवर, चाकांत १५० सेंमी अंतर धरलं, तर ०.५ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने बाहेर ढकलणाऱ्या) वळणावर सुमारे २८० किलो सरकतात. भरलेली एसयूव्ही १७२५ किलो, गुरुत्वमध्य ६५ सेंमी धरला, तर ३७५ किलोच्या आसपास. हा फरक इंजिन भरून काढू शकत नाही. छतावर कॅरिअर लावणार असाल तर तो आणखी वाढतो.

भरलेली गाडी वळणात मागून डुलते, अशी तक्रार आली की निम्म्या वेळा दोष टायरच्या हवेचा निघतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या तक्त्यात पूर्ण लोडचा रकाना वेगळा असतो आणि मागच्या चाकांना बहुतेक वेळा ३ ते ६ पीएसआय जास्त सांगितलेले असतात. हवा टायर थंड असताना भरायची. आणि ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) नसलेला व्हेरिअंट घेऊ नका, सनरूफ सोडावं लागलं तरी चालेल.

नवी_चावी
हॅचबॅकच्या वरच्या व्हेरिअंटला मोठे अलॉय आहेत. त्याने हँडलिंग सुधारेल का?

तेरा_नंबर_पाना
स्टीअरिंगला प्रतिसाद चटकन येईल, बाकी तोटाच. १९५/६५ आर१५ टायरची बाजूची भिंत १२७ मिमी, २०५/५५ आर१६ ची ११३, २२५/४५ आर१७ ची १०१. चाकाचा बाहेरचा व्यास तिन्हींत जवळपास सारखाच. म्हणजे जाते ती फक्त खड्डा झेलणारी रबराची उशी. भरलेल्या गाडीत रिम वाकण्याचा आणि टायरला फुगा येण्याचा धोका नेमका इथून येतो. मधला साइझ घ्या.

डिकी_मोजा
हॅचबॅक तुमच्यासाठी पेलोडवरच, म्हणजे किती वजन वाहू शकते यावरच, बाद होऊ शकते. प्लेटवरच्या कमाल एकूण वजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. १०५० किलोच्या गाडीची मर्यादा १४५० असेल तर हाती ४००, आणि तुमचे ३७५ आत्ताच झालेत. मात्र गाडीच्या वजनात ड्रायव्हरचे ७५ किलो धरलेत का ते विचारा, काही देशांत धरतात.

लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. डिकी २०×१०×५ सेंमीचे एक लिटरचे ठोकळे रचून मोजतात. ते कोपऱ्याकोपऱ्यात बसतात, बॅग बसत नाही. सेदानचे ४८० लिटर ऐकायला छान, पण झाकणाचे वाकडे बिजागर आत उतरत असतील तर बंद करताना ते बॅगेवर येतात. टेप घेऊन जा: तोंडाची सगळ्यांत अरुंद रुंदी, दोन चाकांच्या कमानींमधलं अंतर आणि उंबऱ्याची जमिनीपासूनची उंची. घरातली सगळ्यांत मोठी बॅग सोबत न्या आणि झाकण लावून बघा.

मागची सीट हा तुमचा खरा पेच आहे. आयसोफिक्सचे (चाइल्ड सीट अडकवायचे) हूक बहुतेक गाड्यांत कडेच्या दोन जागांनाच असतात. चाइल्ड सीट ४५ सेंमी जागा खाते आणि शेजारच्या बेल्टचं बकल तिच्याखाली दबतं. मधे मोठं माणूस बसणार, तर त्याला तीन बिंदूंचा बेल्ट आणि हेडरेस्ट हवंच. शोरूममध्ये तिघांना बसवा आणि तिन्ही बेल्ट 'टक्' लागतायत का ते ऐका.

काजळी_फिल्टर
डिझेलवर कुणी बोललं नाही म्हणून. ८-१० किमीच्या फेऱ्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होत नाही. काजळी जळायला फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि त्यासाठी सलग १५-२० मिनिटं एका लयीत गाडी चालावी लागते. इंजिन त्यासाठी जादा डिझेल सोडतं, तुम्ही मधेच बंद केलं की त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते ती यामुळे. महिन्याला ९०० किमी आणि त्यातलं बहुतेक शहरात, यासाठी डिझेल नकोच. उंच गाडीच हवी असेल तर तिचं पेट्रोल बघा.

तिसरा_गिअर
पटलं, डीपीएफ माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग सेदान की पेट्रोल एसयूव्ही, हे एकाच गोष्टीवर ठरवा. सेदानची टेस्ट ड्राइव्ह पाचही जणांनी आणि बॅगांसकट घ्या. निघण्याआधी हवा तपासा, डेमो गाडीत ती बऱ्याचदा जास्त असते. एसी चालू ठेवा. रोजच्या वाटेवरचा सगळ्यांत उंच गतिरोधक २० च्या वेगाने पार करा. २६०० मिमी व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीखाली रिकामी असताना १६५ मिमी जागा असेल आणि भरल्यावर १३० उरली, तर मधला कोन (तळ न टेकता गाडी ज्या उंचवट्यावरून जाऊ शकते त्याचा) साडेचौदा अंशांवरून साडेअकरावर येतो. तळ घासला नाही तर सेदान घ्या. घासला तर पुन्हा एकदा तिरकी, एक चाक आधी चढवून नेऊन बघा. तरीही घासत असेल तर पेट्रोल एसयूव्ही.