मदत हवी आहे: सीटखाली सामान भरल्यापासून गाडी ओढेना. काय ठेवावं, काय काढावं?

केजकर_१५०

राम राम मंडळी.

गाडी १५० सीसी, २०१७ ची, कार्बोरेटरवाली. अलॉय व्हील, दोन्ही टायर ट्यूबलेस, मागचा १००/९०-१७. आठवड्यातून तीन दिवस केज–नेकनूर–मांजरसुंबा–बीड आणि एक दिवस अंबाजोगाई–रेणापूरमार्गे लातूर. मधे वस्त्यांवर जायचं असतं, त्यामुळे चार-पाच किलोमीटर निव्वळ काळ्या रानातून.

मृगाच्या आधी सीटखाली पुढचं सामान भरलं: रेनकोटचा जोड, कंपनीचे पाने, एक मोठी पक्कड, पंक्चर किट, हवेची दोन सीओटू सिलिंडरं, पॉवर बँक, ३० अँपिअरचे दोन फ्यूज, आरसी-विम्याच्या झेरॉक्स, गोळ्यांची पाकिटं, पुसायचं फडकं.

तेव्हापासून गाडी साठच्या पुढं दम टाकायली. ॲव्हरेज ४५ वरून ३६ वर आलं. गॅरेजमध्ये कार्बोरेटर साफ करून घेतला, फरक शून्य. सीटही आता दाबून बसवावी लागते. सामानाचा आणि ओढण्याचा काही संबंध असू शकतो का? आणि या रस्त्यांना सीटखाली खरोखर लागतं तरी काय?

पाना_पक्कड

संबंध आहे, आणि बहुतेक तोच आहे. रेनकोट आणि फडकं आधी बाहेर काढा.

बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड सीटखालीच उघडतं. टाकीच्या मागं, बॅटरीच्या आसपास बघा. दोन-तीन बोटं रुंदीची काळी रबरी किंवा प्लास्टिकची नळी दिसेल. तिच्यावर कापड आलं की इंजिनाचं नाक दाबल्यासारखं होतं. हळू चालवताना हवा कमी लागते म्हणून कळत नाही. थ्रॉटल पिळला की हवा जास्त लागते, तोंड बंद असल्यानं आत ओढ वाढते आणि कार्बोरेटर त्या ओढीनं पेट्रोल जास्त सोडतो. हवा कमी, पेट्रोल जास्त. म्हणून दमही जातो आणि ॲव्हरेजही. कार्बोरेटर कितीही साफ केला तरी त्यात दोष नव्हताच, तर फरक कुठून पडणार?

खात्री अशी करा:

१. सीटखालचं सगळं काढा, सीट बसवा. नेहमीच्याच सपाट रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये साठच्या पुढं न्या.
२. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढा. टोकावर कोरडी काळी काजळी असेल तर गाडी पेट्रोल जास्त खात होती. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, दुखणं दुसरीकडं आहे. काजळी तारेच्या ब्रशनं झाडा. प्लग परत लावताना आधी हातानं आटे बसवा, शेवटचा पाव फेरा पान्यानं. सुरुवातीलाच पाना लावला आणि आटे तिरके गेले तर हेडचं काम निघतं.
३. फिल्टर बघा. कागदी आणि हाताला तेलकट लागत असेल तर धुवू नका, हवाही मारू नका, सरळ बदला. स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून, इंजिन ऑइलचा हलका हात द्या. आपल्याकडं फुफाटा इतका की मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या आधीच फिल्टर भरतो.

सीट दाबून बसवू नका. लॉकची जीभ अर्धीच अडकते आणि खड्ड्यात सीट उसळते.

फ्यूज_उडाला

त्या यादीतली दोन कलमं गाडी पेटवायच्या लायकीची आहेत.

पहिलं, सुटी पक्कड. बॅटरीच्या प्लसवरची लाल रबरी टोपी जागेवर आहे का बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत ती हरवलेलीच असते. पकडीचं एक टोक प्लसला आणि दुसरं चासीला टेकलं की शॉर्ट. बॅटरीकडून स्टार्टरकडं जाणाऱ्या जाड वायरला मधे फ्यूज नसतो, म्हणजे तिथं फ्यूज वाचवेल ही आशा नको. हत्यारं जाड कापडाच्या गुंडाळीत घट्ट बांधा, गुंडाळी बॅटरीपासून लांब, शेपटीकडं. सुटी राहिली तर खडखडून वायरिंगचं वेष्टणही घासतात. मग एक दिवस इंडिकेटर लावला की हॉर्न वाजतो.

दुसरं, ३० चे फ्यूज. फ्यूज-डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये आकडा असतो. या वर्गाच्या गाड्यांत साधारण १० ते २० च्या आतला. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. काढलेला ज्या रंगाचा, त्याच रंगाचा घाला. १५ च्या जागी ३० घातला तर फ्यूज उडत नाही, वायर वितळते. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणं हाही तोच प्रकार. नवा फ्यूज लगेच पुन्हा उडाला तर तिसरा घालू नका. हँडलच्या मानेजवळ आणि सीटखालच्या वळणावर वायर सोललीय का बघा.

जास्तीचा फ्यूज बऱ्याचदा कंपनीनंच डबीच्या झाकणात अडकवलेला असतो.

लातूर_स्वारी

उष्णतेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो. काळं सीट उन्हात, खाली इंजिन. सीटखालचा कप्पा बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त तापतो.

सीओटूच्या सिलिंडरांवर बहुतेक ५० अंशांच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. ती सीटखाली नकोत. तसाही त्यांचा हिशोब बघा: १६ ग्रॅमच्या एका सिलिंडरनं तुमच्या मागच्या टायरात ८ ते १० पीएसआय चढतं. म्हणजे रिकाम्या टायरला तीन लागतील. वर हा गॅस रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. सायकलला ठीक आहे.

पॉवर बँक, लायटर, सॅनिटायझर, बॉडी स्प्रे सगळं पाठीवरच्या बॅगेत. गोळ्याही तिकडंच. चिकटपट्टीचा डिंक तापून सुटतो, म्हणून प्रथमोपचारात चिकटपट्टीवर भिस्त नको. चार इंची दोन रोलर बँडेज, निर्जंतुक गॉजची पाच-सहा पाकिटं, एक त्रिकोणी पट्टी आणि एक लिटर पाण्याची ओआरएसची दोन पाकिटं, झिपच्या पिशवीत. पिशवीवर मार्करनं १०८ आणि ११२ लिहा, राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३. पिशवी उघडणारा तुम्हीच असाल असं नाही.

कागदांचं सोपं आहे. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली आरसी, लायसन, विमा, पीयूसी ग्राह्य धरतात. साधी झेरॉक्स नव्हे. फोटो काढून गॅलरीत ठेवलेलं लायसनही नव्हे, ॲपमधलंच दाखवायचं.

आणि शेंगदाणे, बिस्किटं सीटखाली ठेवू नका. गाडी रात्री गोठ्याजवळ लागत असेल तर उंदीर खाऊसाठी येतो आणि वायरिंगवर थांबतो.

केजकर_१५०

ताई, शेंगदाण्याचा पुडा यादीत लिहायचा राहिला होता.

पंक्चर किटचं सांगा कुणीतरी. आमच्याकडं खिळ्यापेक्षा बाभळीचे काटेच जास्त. सोल्यूशनची ट्यूब वाळून दगड झालीय.

काटा_बाभळीचा

कुंपणासाठी वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून रस्त्यानं ओढत नेतात, त्या दिवसांत हे व्हायचंच.

काटा दिसला की लगेच उपटू नका. ट्यूबलेसमध्ये काटा स्वतःच बुचाचं काम करतो. आधी हवेचा दाब बघा. हळूहळू उतरत असेल तर काटा तसाच ठेवून हवा भरा आणि पंक्चरचं दुकान गाठा. काट्याचं भोक सुईएवढं. किटमधली पट्टी बसवायला तेच भोक रिमरनं, म्हणजे किटमधल्या खरखरीत टोच्यानं, मोठं करावं लागतं. म्हणजे बारक्या दुखण्याला मोठी शस्त्रक्रिया. खिळ्याला पट्टी योग्य, काट्याला नाइलाज झाला तरच.

नाइलाज झालाच तर:

आधी खडूनं जागेवर खूण. काटा पकडीनं, ज्या तिरपेपणानं गेलाय त्याच तिरपेपणानं ओढा. वाकडा ओढला की आत मोडतो. रिमर त्याच कोनात घालून दहा-बारा वेळा आत-बाहेर. पट्टी सुईच्या डोळ्यातून अर्धी ओवून सोल्यूशन चोपडा आणि दोन्ही शेपट्या बोटाच्या पेराएवढ्या बाहेर राहतील इतकी आत ढकला. मग सुई सरळ, झटक्यात बाहेर. हळू ओढली तर पट्टीही सोबत येते, नवख्यांचं इथंच फसतं. उरलेली शेपटी २-३ मिलिमीटर ठेवून कापा. हवा भरून थुंकी लावा, बुडबुडा आला नाही तर निघा. हे फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागासाठी. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर पट्टी नको, टायर बदला.

सोल्यूशनची एकदा फोडलेली ट्यूब झाकण लावलं तरी सुकते. दोन छोट्या न फोडलेल्या ठेवा आणि दर पावसाळ्याआधी बदला.

हवेसाठी पायपंप सगळ्यात भरवशाचा, पण सीटखाली मावत नाही. हातपंप मावतो, घाम काढतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर घेणार असाल तर तो ८-१० अँपिअर ओढतो, मोबाइल चार्जरच्या सॉकेटला लावला की त्याचा फ्यूज गेलाच. चिमटे थेट बॅटरीला लावा आणि इंजिन चालू ठेवा. दाब स्टिकरवर असेल तो. या गाड्यांना साधारण पुढं २५, मागं एकट्याला २८, डबलसीटला ३२ च्या आसपास. पेनासारखा प्रेशर गेज मात्र सीटखाली हवाच.

स्पोक_वाला

आमच्या गाडीला स्पोक आणि ट्यूब. आम्ही काय ठेवावं?

काटा_बाभळीचा

पुढच्या चाकाच्या मापाची एक ट्यूब. अडचणीत ती मागं घालून दुकानापर्यंत हळू जाता येतं, उलटं होत नाही. ८ इंची दोन टायर लिव्हर, मागच्या एक्सलच्या मापाचा पाना आणि वॉल्व्ह काढायची चावी. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. मोडलेलं टोक फडक्याला अडकतं. बोट फिरवाल तर बोटात घुसेल. ते टोक आत राहिलं तर नवी ट्यूब दोन किलोमीटरही टिकत नाही.

पाना_पक्कड

आता हत्यारांचं. कंपनीचे पाने मऊ पत्र्याचे असतात, जाम नटाचे कोपरे खातात. एका रविवारी घरीच बसून बॅटरीचं टर्मिनल, क्लच लिव्हर, चेन ॲडजस्टर, मागचा एक्सल आणि साइड पॅनल ढिलं करून परत आवळा. जे पाने हातात आले तेवढेच गुंडाळीत. बहुतेक १०, १२, १४ आणि एक्सलचा, एवढ्यात भागतं. सोबत ५ आणि ६ ची ॲलन की, कटर असलेली सहा इंची पक्कड, उलटसुलट बिटचा स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, केबल टाय दहा, इन्सुलेशन टेप.

चेन लॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, चेनच्याच मापाचं घ्या, ४२८ चं ५२० ला बसत नाही. लॉकच्या क्लिपचं उघडं तोंड चेन पळते त्याच्या उलट दिशेला.

क्लच वायर सीटखाली वेटोळं करून ठेवू नका, दुमडून खराब होते. नवी वायर जुनीच्याच शेजारून टाकीखालून ओढा, दोन्ही टोकं टेपनं बंद करून टायनं बांधा. तुटली की फक्त टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम. तुटणार हे आधी कळतं: लिव्हरजवळच्या गाठीपाशी एक-दोन तारा उकललेल्या दिसतात.

रेनकोट मागच्या कॅरिअरवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यानं बांधा. लोंबणारं टोक खोचून घ्या, चेनमध्ये गेलं तर चाक जाम होतं.

काळं_रान

हत्यारांत एक राहिलं. पहिल्या पावसात काळ्या रानातून गेलात की माती टायर आणि मडगार्डच्या मधे थापली जाते आणि चाक फिरायचं थांबतं. क्लच जाळत रेटू नका. जळका वास आला म्हणजे प्लेटा गेल्या. गाडी उभी करा आणि माती खरवडून काढा. स्क्रू ड्रायव्हर त्यात नुसता रुततो. खुरपं न्या. चेष्टा नाही.

केजकर_१५०

सगळं बाहेर काढून काल केज–बीड केलं. साठच्या पुढं पहिल्यासारखी ओढते. रेनकोटाची बाही त्या नळीच्या तोंडात शिरलेली होती, ओढून काढावी लागली. प्लग काळाकुट्ट निघाला, साफ केला. फिल्टर कागदी होता, बदलला. ॲव्हरेज दोन टाक्यांनी सांगतो. फ्यूज-डबीच्या झाकणात निळा १५ चा मिळाला, ३० चे परत केले. प्लसची टोपी नव्हती, नवी बसवली.

काळं_रान दादा, खुरपं बांधू कुठं? सीटखाली तर आता नेणार नाही.

काळं_रान

डाव्या बाजूच्या साडी गार्डला, आतून नाही, बाहेरून. पात्याला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, मूठ वर, दोन जागी बांधा. उजवीकडं सायलेन्सर आहे, तिकडं रबर वितळेल.