नवीन गॅस प्लांट कशाला, ग्रिडला बॅटऱ्या जोडा

रानवारा:
माझं सरळ मत आहे, संध्याकाळच्या पीक लोडसाठी, म्हणजे विजेची मागणी सगळ्यात जास्त असते त्या वेळेसाठी, आता नवीन गॅस प्लांट नकोतच. दुपारी सोलर इतकं येतं की काही ठिकाणी बंद करून ठेवावं लागतं आणि सूर्य मावळला की दोन-तीन तासांत सगळा लोड अंगावर येतो, तेवढा वेळ बॅटऱ्यांनी निभावून नेला की झालं. कॅलिफोर्नियात हेच चाललंय, 2024 मध्येच तिथली बॅटऱ्यांची क्षमता 10 हजार मेगावॅटच्या पुढे गेली.

जुनाफ्यूज:
मेगावॅट सगळे सांगतात, किती तास ते सांगा ना. चार तासांची बॅटरी पाचव्या तासाला हात वर करणार. त्यात 100 युनिट भरले तर साधारण 85 परत मिळतात. आठवडाभर ढग आणि वारा पडलेला असेल तर काय करणार? मोठा साठा हवा तर पाणी वर चढवून ठेवणारे प्रकल्पच हवेत, वेल्समधलं डिनॉर्विग 1984 पासून चालू आहे, तेवढ्या काळात बॅटऱ्या निदान एकदा तरी पूर्ण बदलाव्या लागल्या असत्या.

रानवारा:
मान्य, पण तसा डोंगर सगळीकडे आहे का? आणि बांधायला किती वर्षं जातात! दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलची 100 मेगावॅटची बॅटरी 2017 मध्ये करारानंतर 100 दिवसांच्या आत उभी राहिली. त्याच डिसेंबरात लांबच्या लॉय यांग कोळसा केंद्रातलं 560 मेगावॅटचं युनिट ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं, ग्रिडची फ्रिक्वेन्सी नेहमीच्या 50 वरून 49.8 हर्ट्झपर्यंत पडली, आणि बॅटरीने सेकंदाच्या आत वीज द्यायला सुरुवात केली.

जुनाफ्यूज:
अहो पण दिली किती, 7 मेगावॅटच्या आसपास! ग्रिड सावरलं ते बाकीच्या जनरेटरांनी.

तारतम्य:
आकडा बरोबर आहे पण मुद्दा वेगाचा आहे. कोळशाच्या युनिटला वाफेचा व्हॉल्व्ह उघडून पॉवर वाढवायला काही सेकंद जातात, बॅटरीची डीसी वीज ग्रिडसाठी एसी करणारा इन्व्हर्टर मिलिसेकंदांत हलतो, आणि फ्रिक्वेन्सी घसरायला लागली की पहिले सेकंदच महत्त्वाचे. ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर असेल तर तो स्वतःच व्होल्टेज उभं करतो, नाहीतर साधा इन्व्हर्टर ग्रिडच्या मागे मागे जातो. माझा आग्रह एवढाच की टेंडरमध्ये हे स्पष्ट लिहा, नाहीतर स्वस्तातलं लावून मोकळे होतील.

सावली:
आगीचं कुणीच बोलत नाहीये. जानेवारी 2025 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या बॅटरी केंद्राला आग लागली, हजारावर लोकांना घरं सोडावी लागली. वस्तीजवळ असलं काही आणूच नका.

तारतम्य:
तिथे जुन्या टर्बाइन हॉलमध्ये, एकाच छताखाली निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलचे रॅक दाटीने लावले होते. आता बहुतेक ठिकाणी लोह-फॉस्फेट सेल, उघड्यावर सुटे कंटेनर, मध्ये अंतर, म्हणजे एक पेटला तरी शेजारचा वाचायची शक्यता बरीच जास्त. तरी वस्तीपासून लांबच ठेवा, यात तुमच्याशी सहमत.

जुनाफ्यूज:
संध्याकाळच्या चार तासांसाठी लावा, माझी हरकत नाही. पण त्या भरवशावर जुनी केंद्रं आत्ताच मोडीत काढायला माझा ठाम विरोध आहे.