ॲव्हलांच: हिमकडा कोसळतो की थर सुटतो?

(नाशिककरांच्या गप्पा; बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या भागांवरून.)

इंदिरानगर: आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधली सात-आठ पोरं उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला निघालीत. हरिहर, साल्हेर, अंजनेरी पायाखालचे; बर्फ मात्र उसाच्या रसातच पाहिलेला. पालकांसाठी मराठीत माहितीपत्रक करतोय. ॲव्हलांच झाला, म्हणजे डोंगरावरून बर्फाचा लोट खाली आला, की पेपरात 'हिमकडा कोसळला' येतं. ते वाचून एका आईने बजावलं, "मग कड्याखालून जाऊ नका म्हणजे झालं." नेमका शब्द कोणता घ्यावा?

पंचवटी: हिमस्खलन. 'स्खल्' म्हणजे घसरणे, पाय अडखळणे, भूस्खलन त्यातलंच. 'हिमपात' नको, ती साधी बर्फवृष्टी. 'हिमप्रपात'ही नको. प्रपात म्हणजे धबधबा, तो शब्द एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू आइसफॉलला शोभेल.

सातपूर: सर, बोलताना हिमस्खलन कोण म्हणतं? कसारा घाटात आपली दरड कोसळते. 'हिमदरड' करा की. नेपाळीत 'हिमपहिरो' म्हणतातच, पहिरो म्हणजे दरड.

देवळाली कॅम्प: नोकरीतली काही वर्षं बर्फात गेली म्हणून बोलतो. नाम कुठलंही घ्या, 'कोसळणे' तेवढं काढा. दरड वरून येते, आपण खाली असतो. बर्फात फिरणारी माणसं ज्यात सापडतात ती लादी, म्हणजे घट्ट बसलेला बर्फाचा थर, बहुतेकदा त्यांच्याच वजनाने सुटते. उतार साधारण 30 ते 45 अंशांचा. उभ्या कड्यावर बर्फ फारसा टिकत नाही, थोडाथोडा गळून जातो. उतारावर मात्र थरावर थर साचतो, आणि मधला एखादा कच्चा निघाला की वरचा सगळा थर सुटतो. त्याआधी कधीकधी पायाखाली 'धप्प' असा बर्फ बसल्याचा आवाज येतो. तो आला की त्या उताराचा नाद सोडायचा. म्हणून मी 'थर सुटला' म्हणेन. चमोलीत 7 फेब्रुवारी 2021 ला मात्र खडकासकट कडाच सुटला होता, तिथे 'कडा कोसळला' बरोबर.

इंदिरानगर: काका, हा कच्चा थर होतो कसा?

देवळाली कॅम्प: हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो. वर हवेत कडाका, खाली जमीन त्यामानाने उबदार. तळाची वाफ वर सरकते आणि तिथल्या बर्फाचे सुटे, कोरदार दाणे होतात. मुठीत दाबा, गोळा वळत नाही. त्यावर पुढे जड बर्फ पडला, वाऱ्याने दाबून बसवला, की लादी तयार. वरून बघाल तर पांढरंशुभ्र, काही कळत नाही.

सातपूर: म्हणजे रवाळ! तुपाला म्हणतो तसं. 'रवाळ थर'.

पंचवटी: रवाळ हे चांगल्या तुपाचं लक्षण हो. धोक्याला ते नाव? 'भुसभुशीत' म्हणा.

देवळाली कॅम्प: नाही सर, भुसभुशीत म्हणजे ताजा, पिसासारखा. हा साखरेसारखा. रवाळ म्हटलं की बोटांना लगेच कळतं.

पंचवटी: बरं, हरलो. खरी पंचाईत ही की फ्रीजमधला आणि आभाळातला, दोन्ही आपल्याला बर्फच. नेपाळीत हिउँ वेगळं, बरफ वेगळं. आपण 'हिम' समासात आणि कवितेत नेऊन ठेवलं.

इंदिरानगर: स्नोपॅकला 'साचलेला बर्फ' लिहितोय, 'हिमसंचय' नको. आता धोक्याच्या 5 पायऱ्या. पहिली 'कमी', दुसरी 'मध्यम', चौथी 'मोठा', पाचवी 'फार मोठा'. तिसरीला 'बराच' चालेल?

देवळाली कॅम्प: तिसरीच जपून लिहा. पाचातली मधली म्हणून लोक निर्धास्त जातात आणि तिथेच अडकतात.

सातपूर: 'बराच' वाचून माझी आई म्हणेल, बरा आहे ना, मग जा.

इंदिरानगर: 'चांगलाच'?

सातपूर: तेच झालं की, भाऊ.

पंचवटी: 'लक्षणीय'.

इंदिरानगर: सर, पालकांसाठी आहे हे, परीक्षेसाठी नाही. 'मोठा' तिसरीला देतो, चौथीला 'फार मोठा'. पाचवीला काय ते सुचवा, उद्या छापायला जायचंय.