शब्दचर्चा: वास्तववादी, अद्भुतरम्य आणि मुळात ‘कादंबरी’

प्रश्न
वाचनगटासाठी एक टिपण लिहिते आहे. ‘वास्तववादी कादंबरी’ हा शब्द सहज लिहून गेले, पण ‘रोमँटिक’पाशी अडले. ‘प्रणयरम्य’ म्हटलं तर फक्त नायक-नायिकेचं प्रेम डोळ्यांपुढे येतं. मला म्हणायचे आहेत ते योगायोग, शाप, ताटातूट, पुनर्भेट. ‘स्वच्छंदतावादी’ चालेल का?

प्रतिसाद
तो शब्द युरोपातल्या वाङ्मयीन चळवळीसाठी राखून ठेवा. रोजच्या मराठीत ‘स्वच्छंदी’ म्हणजे मनाला येईल तसं वागणारा, त्यामुळे वाचक भलतीकडेच जाईल. तुम्ही सांगताय त्या कथांना ‘अद्भुतरम्य’ हा शब्द रुळलेला आहे. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांची ओळख याच शब्दाने करून दिली जाते.

पण खरं बघायला हवं ते ‘कादंबरी’ या शब्दाकडे. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाने लिहिलेल्या संस्कृत गद्यकथेतली ही गंधर्वकन्या. त्या कथेत बोलणारा पोपट आहे, शाप आहेत, पुनर्जन्म आहेत, अच्छोद सरोवराकाठी प्रियकराची वाट पाहणारी महाश्वेता आहे. कथा अपुरी ठेवून बाण गेला, ती त्याच्या मुलाने पुरी केली. संस्कृतात कादंबरी म्हणजे एक प्रकारचं मद्यही. या श्लेषाचा उपयोग त्या मुलानेच करून घेतला आहे. हिंदी-बंगालीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा. मराठीने आणि कन्नडने मात्र अख्ख्या साहित्यप्रकाराला या नायिकेचं नाव दिलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रतिसाद
मग ‘वास्तववादी कादंबरी’ हा वदतोव्याघातच, म्हणजे स्वतःलाच खोडणारा शब्दप्रयोग, झाला की!

प्रतिसाद
तसं नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषांतही कादंबरीला ‘रोमान’च म्हणतात, आणि ‘रोमँटिक’ त्याच कुळातला. जुन्या फ्रेंचमध्ये तो शब्द लॅटिनऐवजी लोकभाषेत सांगितलेल्या कथेसाठी होता. नाव जुनं राहिलं, आत माणसं बदलली.

आपल्याकडे ह. ना. आपटे पाहा. त्यांचं ‘करमणूक’ साप्ताहिक १८९० साली निघालं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. यमू स्वतःच्या तोंडाने आपली हकिकत सांगते: माहेर, सासर, वैधव्य, केशवपन. तिथे सुटका करायला कुणी गंधर्व येत नाही. पुढे त्याच ‘करमणुकी’त त्याच लेखकाची ‘उषःकाल’ आली, शिवकाळाच्या आरंभाची. वाचक त्याच अंकांचे. यमूसाठी डोळे पुसणाऱ्यांना गडकिल्लेही हवे होते, म्हणून मला वास्तव की अद्भुत हा झगडा वाचकाचा कधी वाटलाच नाही, तो समीक्षकांचा. सामाजिक कथांना आपट्यांनी स्वतः दिलेलं नाव ‘आजकालच्या गोष्टी’ होतं. ‘वास्तववादी’पेक्षा ते मला कितीतरी जवळचं वाटतं.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार. टिपणात ‘प्रणयरम्य’ खोडून ‘अद्भुतरम्य’ केलं. फक्त ‘उषःकाल’पाशी पुन्हा थांबले आहे. तिथे शाप नाहीत, बोलणारा पोपट नाही, तरी ती ‘आजकालची गोष्ट’ही नाही. अशा कादंबरीला तुम्ही ‘अद्भुतरम्य’ म्हणाल का?